मिनिट्समध्ये नसलेल्या मॅडम

शनिवार, ६ फेब्रुवारी १९९९

नव्या वर्षाची डायरी फेब्रुवारीत उघडतेय, कारण जानेवारीत लिहिण्यासारखं काही घडलंच नाही. आज घडलं, आणि माझ्याच हातून घडलं.

सकाळी पावणेआठला रिसेप्शनवर कोणी नव्हतं म्हणून मी उभी होते. एक बाई आल्या. पन्नाशीच्या, उंच, काळ्या. आपण सावळं म्हणतो तशा नव्हे, आफ्रिकन. साधा सुती ड्रेस, हातात प्लास्टिकची फाइल. त्यांनी तोंड उघडायच्या आत मी सांगून टाकलं, "किचन स्टाफ मागच्या गेटने. मेडिकलची रांग तिकडे." त्या "थँक यू" म्हणाल्या आणि मागे गेल्या. आखातातल्या आमच्या अल कूझच्या किचनमध्ये चौदा हजार मजुरांचा तीन वेळचा स्वयंपाक होतो. रोज कोणी ना कोणी नवीन भरती असतेच, आणि दर शनिवारी कामगारांची रक्ततपासणी.

नऊ वाजता जनरल मॅनेजर हॅलमसाहेब बाहेर आले. "मंजू, मिसेस क्वान्सा आल्या का? आपल्या नव्या ऑपरेशन्स डायरेक्टर. लंडनहून आल्यात, मूळच्या घानाच्या."



दहा वाजता त्या आल्या, दंडावर कापसाचा बोळा. रक्त देऊन आल्या होत्या. मी माफी मागायला लागले तर मला थांबवून म्हणाल्या, "तुमच्या रांगेत पावणेदोन तास उभी होते. रात्रपाळी करून आलेली माणसं उभ्या उभ्या झोपत होती. दर शनिवारी असंच असतं का?" मग माझं नाव विचारलं. तीन वेळा म्हणून बघितलं, 'षा' जमेपर्यंत. इथे आठ वर्षांत मी सगळ्यांची मंजूच आहे.

घरी सांगितलं तर नवरा, संजय, हसून हसून बेजार. म्हणाला, "गेली तुझी नोकरी." अस्मी म्हणाली, "आई, दॅट्स सो रेसिस्ट." तेरा वर्षांची आहे, शाळेत नवीन नवीन शब्द शिकते. म्हटलं, मुकाट जेव.

मंगळवार, १६ फेब्रुवारी

मॅडमची पहिली मॅनेजमेंट मीटिंग. दर पंधरा दिवसांनी मंगळवारी असते. टेबलाभोवती पाच जण आणि भिंतीशी खुर्ची टाकून मी. माझा शॉर्टहँडचा वेग एकशे वीस, मराठी लघुलेखनाचीही परीक्षा दिलेली. कोणी कुठल्याही भाषेत तोंड उघडलं की हात आपोआप चालतो. खोकला सोडून सगळं वहीत उतरतं. मग वहीवरून मी मिनिट्स टाइप करते: कोणी काय सुचवलं, काय ठरलं. खाली सही माझी, 'नोंद घेणार: मंजुषा सोवनी'.

आज मॅडमनी सुचवलं की मेडिकलची रांग पाळीप्रमाणे वाटून द्या. कोणी काही बोललं नाही. दहा मिनिटांनी कमर्शियल मॅनेजर गुणवंतराव कारखानीस म्हणाले, "रांग पाळीप्रमाणे वाटली तर?" हॅलमसाहेब म्हणाले, "एक्सलंट." ठरलं.

मिनिट्समध्ये अर्थातच 'श्री. कारखानीस यांनी सुचवले' असं लिहिलं. पिंपरीच्या कारखान्यात माझे पहिले हेडक्लार्क भिकाजी गोळे. त्यांनी मला अक्षरशः हाताला धरून शिकवलं. त्यांचा नियम होता, नाव घालायचं ते विषय मिटवणाऱ्याचं, सुरुवात करणारे छप्पन्न असतात. आणि नव्या माणसाचं नाव कुठल्याही ठरावाला चिकटवायचं नाही. उद्या ठराव अंगाशी आला तर तो बिचारा फुकट मरतो.

मॅडम नवीन, त्यात बाई, त्यात परक्या. त्यांना जपायला हवं. पहिल्या दिवशी मी जो पराक्रम केला त्यानंतर एवढं तर मी करायलाच हवं.

सोमवार, २२ मार्च

मॅडमनी माझ्या डोक्याला ताप लावलाय. दर सोमवारी अकरा वाजता त्यांच्या केबिनमध्ये वीस मिनिटं. चहा येतो, दार लागतं आणि त्या विचारतात, "गेल्या मीटिंगबद्दल तुला काय वाटलं?"

आज शेवटी सांगून टाकलं, "मॅडम, मला वाटत वगैरे नाही. मी फक्त लिहून घेते."

त्या म्हणाल्या, लंडनला एका शाळेच्या किचनमध्ये त्या भांडी घासायला लागल्या, तेव्हा तिथली सुपरवायझर जमैकाची होती. ती रोज भांडी घासून झाली की विचारायची, आज इथे काय चुकीचं चाललंय ते सांग. पहिले सहा महिने मॅडमना वाटायचं, बाई आपल्याला पकडायला बघतेय. नंतर त्याच बाईने त्यांना संध्याकाळच्या कॉलेजात घातलं. "तिने विचारलं नसतं तर मी अजून भांडीच घासत असते," म्हणाल्या.

मी मान डोलावली. मनात म्हटलं, मी काही भांडी घासत नाही, बी.कॉम. आहे.

आणखी एक. मिनिट्सचा कच्चा मसुदा सगळ्यांकडे जातो. मॅडमचा परत येतो तेव्हा त्यावर पेन्सिलीने बारीक प्रश्नचिन्हं असतात, तीही नावांच्या शेजारी. कारखानीसचं स्पेलिंग तीनदा तपासलं. बरोबर आहे. मी खोडून टाकते.

बुधवार, ५ मे

आज मला उन्हात नेलं. शेख झायेद रोडवर एका टॉवरचं काम चाललंय, तिथली माणसं सोनापूरच्या मजूर कॅम्पात राहतात आणि जेवण आपलं. दोघींना व्हॅनमधून गनी घेऊन गेला. गनी आमचा सर्वांत जुना ड्रायव्हर, कासरगोडचा. साडेबाराला माणसं सावलीला बसली आणि डबे उघडले. मॅडमनी एक डबा मागून घेतला, चमचा माझ्या हातात दिला. "खा."

पहिल्या घासालाच कळलं. डाळ आंबलेली. माझ्या शेजारचा आंध्रचा माणूस डाळ वाळूत ओतून नुसता भात खात होता. रोज असंच करतो म्हणाला. वर हसला. मला इतकी लाज वाटली की काय सांगू. त्याच डाळीच्या पगारावर आमचं घर चालतं.

आमच्याकडे रात्री दोनला स्वयंपाक होतो, चारला डबे भरतात आणि पहाटे न्याहारीबरोबरच जेवणही हातात देतात. आठ तास तो डबा उन्हात पडून. मला राहवलं नाही. म्हटलं, "मॅडम, गरम डाळ नि गरम भात एकत्र कोंडल्यावर आणखी काय होणार? कोणीही बाई सांगेल. सकाळी पोळी नि सुकी भाजी द्या, टिकते. डाळ-भात अकरानंतर ताजा पाठवा, वेगळ्या भांड्यात."

त्यांनी वही काढली आणि लिहिलं. मी वाकून पाहिलं. वर तारीख होती, पुढे माझं नाव.

परत येताना म्हणाल्या, "मंगळवारी मीटिंगमध्ये हे तू सांग." म्हटलं, छे, मी कशी सांगणार, मी तर लिहून घेणारी. गनी आरशातून बघत होता. "बोल दो ना, दीदी," म्हणाला. हा कोण मला सांगणारा.

मंगळवार, ११ मे

मी नाही बोलले. मॅडमनी मांडलं. दोन फेऱ्या, सुका डबा पहाटे, डाळ-भात अकराला, पाच जादा व्हॅन. वर सगळ्यांदेखत म्हणाल्या, "मूळ कल्पना मंजुषाची आहे." माझे कान तापले. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, जणू खुर्चीच बोलली. गुणवंतराव माझ्या पुढ्यातच बसतात, ते मागे झुकून मराठीत हळूच काहीतरी बोलले. हसू आलं, जरा बरं वाटलं.

मग त्यांनी अर्धा तास व्हॅनच्या खर्चावर वाद घातला आणि शेवटी तेच म्हणाले, "ठीक आहे, दोन फेऱ्या करून पाहू." हॅलमसाहेबांनी मान्य केलं.

टाइप करताना माझं नाव कुठे घालायचा प्रश्नच नव्हता. लिहून घेणारीने स्वतःचं नाव घालायचं म्हणजे वाढप्याने आधी आपलंच पान वाढून घ्यायचं. आणि विषय मिटवला गुणवंतरावांनी. त्यांचं नाव घातलं. पेन्सिलीचं प्रश्नचिन्ह आलं, या वेळी दोन. मॅडमना आमच्या नावांचं स्पेलिंग कधी जमायचं कोण जाणे.

शुक्रवार, २ जुलै

दुसरी फेरी सुरू होऊन महिना झाला. कॅम्पातून तक्रारी जवळजवळ थांबल्या. पोटाच्या दुखण्याने कामावर न येणारेही कमी झाले म्हणे. कंपनीचे मालक, ज्यांना सगळे अर्बाब म्हणतात, ते ऑफिसात कधी फिरकत नाहीत, पण मिनिट्स मात्र ओळ न् ओळ वाचतात. त्यांनी गुणवंतरावांना घरी बोलावून शाबासकी दिली.

आज संध्याकाळी गुणवंतराव आमच्या करामाच्या घरी पेढे घेऊन आले. महाराष्ट्र मंडळातल्या ओळखीमुळे मला वहिनी म्हणतात. "वहिनी, हे तुमच्या लेखणीला. तुम्ही फार व्यवस्थित लिहिता."

मला फार छान वाटलं. आठ वर्षांत माझ्या मिनिट्सचं कौतुक करणारे ते पहिलेच.

शनिवार, १८ सप्टेंबर

हॅलमसाहेब डिसेंबरात इंग्लंडला परत जाणार. जनरल मॅनेजर कोण, यावर ऑफिसभर कुजबुज. दोनच नावं आहेत, गुणवंतराव आणि मॅडम. मॅडमनी सोमवारी मला सरळ सांगितलं की त्यांना ही जागा हवी आहे. एवढ्या मोठ्या किचनची मुख्य बाई, तीही आफ्रिकन, त्यांच्या पाहण्यात अख्ख्या आखातात नाही. "मला पहिली व्हायची हौस नाही," म्हणाल्या, "पण कोणीतरी असल्याशिवाय दुसरी येत नाही." असं कोणी उघड 'मला हवंय' म्हणालेलं मी पहिल्यांदा ऐकलं. मला ते जरा कसंसंच वाटलं, आणि थोडा हेवाही.

अर्बाब कोणाची मुलाखत घेणार नाहीत. त्यांनी या वर्षीची सगळी मिनिट्स बाइंड करून मागवली आहेत, पुढच्या शनिवारपर्यंत. कोणी काय केलं ते कागदावर दिसतंच, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे माझ्या कामावर सगळं ठरणार. सोनेरी अक्षरांचं बाइंडिंग सांगितलंय आणि शेवटी नावांची सूचीही जोडणार आहे. कुठलं नाव कुठल्या पानावर, म्हणजे अर्बाबना शोधायला सोपं. ही सूचीची कल्पना माझी एकटीची.

शुक्रवार, २४ सप्टेंबर

सूची करायला अस्मीला कॉम्प्युटरवर बसवलं. मी पानं उलटत नावं सांगतेय, ती आकडे टाकतेय. दुपारी जेवणाआधी झाली. हॅलमसाहेब, तेवीस ठिकाणी. गुणवंतराव, अडतीस. मॅडम, दोन. एक त्या रुजू झाल्याची नोंद आणि एक त्यांच्या जूनमधल्या रजेची.

मी म्हटलं, तू चुकलीस, पुन्हा बघ. तिने कॉम्प्युटरला शोधायला लावलं. दोनच.

"आई," ती म्हणाली, "वॉज शी ईव्हन इन द रूम?"

मी तिच्यावर खेकसले. जेवायला हाक मारली तरी उठले नाही. माझ्या शॉर्टहँडच्या वह्या घरीच असतात, त्या काढल्या आणि पहिल्या पानापासून वाचत बसले. रांगेची कल्पना मॅडमची. दोन फेऱ्या मॅडमच्या. कॅम्पात तक्रारवही तीन भाषांत ठेवायची, तीही. ड्रायव्हरांची आठवड्याची सुट्टी, तीही. एकूण एक्केचाळीस गोष्टी त्या बाईंनी आधी मांडल्या, आणि मी एकेकीवर दुसऱ्याचं नाव लिहिलंय. कोणी दमदाटी केली नाही, कोणी सांगितलंसुद्धा नाही. मी आपण होऊन केलं, स्वच्छ, सुवाच्य, एकही खाडाखोड नाही.

आणि ती पेन्सिलीची प्रश्नचिन्हं. बाई गं, मी ती खोडरबराने पुसत होते.

शनिवार, २५ सप्टेंबर

सकाळी अर्बाबांचा माणूस बाइंड केलेली प्रत न्यायला आला. मी दिली.

काय करणार होते? तो दारात उभा होता. हॅलमसाहेबांनी 'मंजू, तयार आहे ना?' विचारलं. मी 'येस सर' म्हटलं. सूचीसकट दिली. दिवसभर स्वतःचा राग राग केला, आणि त्याचा काही उपयोग नाही हेही कळत होतं.

सोमवार, २७ सप्टेंबर

अकराला गेले. चहा यायच्या आधीच सगळं सांगितलं, भिकाजींच्या नियमापासून. रडायचं नाही ठरवलं होतं, तरी रडले.

मॅडमनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मी सात महिने खुणा करत होते."

"मग सांगितलं का नाही? एका वाक्यात सांगायचं होतं."

"सांगितलं असतं तर तू माझं नाव घातलं असतंस. डायरेक्टर म्हणते म्हणून. उद्या दुसरा डायरेक्टर म्हणाला असता तर काढलंही असतंस." पुढे म्हणाल्या, "आणि मंजुषा, जी बाई स्वतःचं नाव घाला म्हणून मीटिंगमध्ये सांगते, तिला काय म्हणतात ठाऊक आहे? तिच्या रंगाप्रमाणे म्हणतात. मला लंडनमध्ये म्हटलंय. भांडखोर, कटकटी, हाताळायला अवघड. माझी नोकरी त्याच्यावरूनच गेली होती."

मी विचारलं, आता मी काय करू? त्या म्हणाल्या, "ते मी नाही सांगणार. सही तुझी आहे."

मला त्यांचा खरंच राग आला. हुकूम दिला असता तर मी निमूट पाळला असता. हे असलं ओझं टाकून बाई शांतपणे चहा पिताहेत. मग एवढंच म्हणाल्या, "मीही चुकले. तुझी एवढी वाट बघायला नको होती. जागा हातची जाईल." तो आवाज काही केल्या कानातून जात नाही.

मंगळवार, २८ सप्टेंबर

मीटिंग झाली. बोलले नाही. मॅडमनी माझ्याकडे पाहिलंही नाही, तेच जास्त लागलं.

शुक्रवार, १ ऑक्टोबर

गुणवंतराव पुन्हा घरी. त्यांना कुठून वास लागला कळत नाही, मला वाटतं माझ्या तोंडावरून. पेढे नव्हते. म्हणाले, "वहिनी, मंजूर झालेली मिनिट्स म्हणजे खलास. ती कोणी उघडत नाही. मी वर गेलो की ऑफिस मॅनेजर तुम्हीच, इन्शाल्ला. आणि आपल्या माणसाचं काम बिघडवून तुम्हाला काय मिळणार? त्या बाई दोन वर्षांत परत जातील, आपल्याला इथेच एकमेकांची तोंडं बघायचीत."

ते गेल्यावर संजय म्हणाला, "तो बोलतोय ते खोटं नाही." ऑफिस मॅनेजर म्हणजे पंधराशे दिरहॅम जास्त, साडेसतरा हजार रुपये, हाही हिशोब त्याने तिथल्या तिथे केला. मग जरा वेळाने म्हणाला, "पण तू झोपत नाहीयेस आठवडाभर. ते काय किमतीचं ते तूच बघ." संजय असा कधी बोलत नाही.

मंगळवार, १२ ऑक्टोबर

सगळं लिहून ठेवते, नाहीतर उद्या मलाच खरं वाटणार नाही.

मीटिंगचा पहिला विषय नेहमी एकच असतो, मागच्या मिनिट्सना मान्यता. हॅलमसाहेब मान वर न करता म्हणतात, "बरोबर आहेत ना?" आणि कोणी काही म्हणत नाही. आज मी उभी राहिले. म्हटलं, "नाहीत, सर. फेब्रुवारीपासूनची बरोबर नाहीत. मी चुकीची लिहिली."

यादी करून नेली होती, एक्केचाळीस नोंदी, तारखेसह. वाचायला सुरुवात केली. नवव्या नोंदीला गुणवंतरावांनी थांबवलं. इंग्रजीत म्हणाले, अगदी गोड आवाजात, "मिसेस सोवनी, तुमच्या वहीतल्या त्या रेघोट्या तुमच्याशिवाय कोणालाच वाचता येत नाहीत. त्यात हेच लिहिलंय हे आम्ही कशावरून मानायचं?"

हॅलमसाहेबांनी मान डोलावली. प्रश्न बरोबर होता.

"दोन फेऱ्यांची नोंद वाचा," गुणवंतराव म्हणाले. "अकरा मे. पूर्ण. शब्द न् शब्द."

मी ती वही उघडली आणि वाचू लागले. मॅडमचं बोलणं, आकडे, व्हॅन, 'मूळ कल्पना मंजुषाची आहे'. पुढची ओळ दिसली आणि मी थांबले. माझा हात काही सोडत नाही, मराठीही नाही. गाळली असती तर कोणाला कळणार होतं? रेघोट्याच तर होत्या.

नाही गाळली. मराठीत जशीच्या तशी वाचली. "आता आफ्रिकेतून आलेली बाई आपल्याला डाळ शिकवणार. उद्या पुरणपोळीही शिकवेल."

गुणवंतरावांचा चेहरा पडला. "पुरे," म्हणाले, मराठीत.

त्यांचंच वाक्य ते. पाच महिन्यांपूर्वी माझ्या कानाशी बोललेलं, आणि मी ते मनाने रचलं असेल असं त्यांना स्वतःलाही म्हणता येईना. वही खरी होती हे तिथे सर्वांत आधी त्यांना कळलं.

मॅडमनी विचारलं, "याचा अर्थ काय?" मी इंग्रजीत सांगितला. आणि त्याखालची खूणही सांगितली, कारण तीही वहीत होती: हशा. "तो हशा माझा आहे," मी म्हटलं. "डाळही माझीच होती, तरी मी हसले."

मॅडम माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांना किती लागलं ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं, आणि ते मला चुकवता आलं नाही. हॅलमसाहेब घसा खाकरून म्हणाले, सगळी दुरुस्ती करून नवीन प्रत काढा. मी नवी प्रत काढली. दुरुस्त प्रतीवर मॅडमची प्रश्नचिन्हं नव्हती.

रविवार, २४ ऑक्टोबर

गुणवंतराव जनरल मॅनेजर झाले.

दुरुस्त प्रत अर्बाबांकडे गेली होती, पण त्यांचं मन पहिली प्रत वाचूनच ठरलं होतं. हॅलमसाहेबांना म्हणाले म्हणे, आधी एक लिहिता, मग दुसरं, मी कशावर विश्वास ठेवू? गुणवंत माहितीतला आहे. यल्ला, झालं ते झालं.

म्हणजे मॅडमची जागा माझ्यामुळेच गेली. त्या शनिवारी त्या माणसाला दारातून परत पाठवलं असतं तर कदाचित गेली नसती. मॅडमना जाऊन तेच म्हटलं. त्या 'नाही नाही' म्हणतील असं वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "हो, कदाचित." आणि खिडकीकडे तोंड करून बसल्या. मी उठून आले.

गुरुवार, २५ नोव्हेंबर

आज मॅडमचा शेवटचा दिवस. अबूधाबीला एका मोठ्या हॉस्पिटलांच्या ग्रुपने त्यांना घेतलंय, तिथल्या सगळ्या किचनच्या मुख्य. त्यांनी पुरावा मागितला होता की इथे काय केलंत. मॅडमनी दुरुस्त मिनिट्सची प्रत नेली, प्रत्येक पानावर माझी सही आणि शिक्का. इथे नोकरी बदलायला जुन्या मालकाची एनओसी लागते, ती अर्बाबांनी दिली, तेवढं बरं.

जायच्या आधी त्यांनी एक केलं. ऑपरेशन्स डायरेक्टर म्हणून शेवटचा कागद काढला: मंजुषा सोवनी, मेन्यू आणि डिलिव्हरी प्लॅनिंग, मीटिंगची सभासद. मी म्हटलं, गुणवंतराव कशाला मान्य करतील? त्या म्हणाल्या, "करेल. तुझ्या हातातून वही काढून घ्यायची त्याला माझ्यापेक्षा घाई आहे." गुणवंतरावांची सही दहा मिनिटांत झाली.

निरोप घेताना म्हटलं, "मी तुम्हाला मागच्या गेटने पाठवलं होतं." म्हणाल्या, "ठाऊक आहे, मी तिथेच होते." मग मिठी मारली. मला कोणाला मिठी मारायची सवय नाही, मी आपली हात खाली सोडून उभी. घरी आल्यावर वाटलं, मारायला हवी होती.

मंगळवार, १८ जानेवारी २०००

ईदनंतरची पहिली मीटिंग. पहिल्यांदा टेबलाशी बसले. भिंतीशी माझ्या जुन्या खुर्चीवर लतिका, ठाण्याहून नवीन आलेली, चोवीस वर्षांची. शॉर्टहँड येत नाही, भराभर लिहिते.

मी म्हटलं, उन्हाळ्याआधी सोनापूरला एक छोटं थंड गोदाम घ्यावं, म्हणजे ताक देता येईल. पुढे काही बोलणार तोच ट्रान्सपोर्टचा विषय निघाला. पंधरा मिनिटांनी गुणवंतराव म्हणाले, "मला वाटतं सोनापूरला एक थंड गोदाम हवं. ताक देऊ." सगळ्यांनी माना डोलावल्या. लतिका मान खाली घालून लिहायला लागली. कोणाचं नाव लिहितेय ते मला इथून न बघता माहीत होतं. भिकाजी नसले तरी तिलाही कोणीतरी शिकवलेलं असणारच.

भांडखोर, कटकटी, हाताळायला अवघड, हे सगळं एका क्षणात डोक्यातून गेलं. गुणवंतराव पुढच्या विषयाचं पान उलटत होते.

"लतिका," मी म्हटलं, "हे मी सुचवलं. माझं नाव लिही."

लतिकाने आधी गुणवंतरावांकडे पाहिलं. मग तिने माझ्याकडे पाहिलं. मी मागे वळून, तिच्या वहीकडे बघत, ती लिहीपर्यंत तशीच बसून राहिले.